दिवाणखान्यातलं मिनी गोल्फ

मुलं आधी अडथळे रचायला धावतात. त्यांना थांबवा. बॉलचं आणि फरशीचं जमतंय का, ते पहिलं बघायचं. गुळगुळीत टाइल्सवर प्लॅस्टिकचा बॉल थेट फ्रिजखाली जातो. टेबल टेनिसचा २.७ ग्रॅमचा, तो तर पंख्याच्या वाऱ्यानेही हलतो. माझं मत गल्ली क्रिकेटमधून निवृत्त झालेल्या टेनिस बॉलला. त्याच्या लवेमुळे तो वेळेत थांबतो. लव पार झिजली असेल तर सतरंजी अंथरा.

काठी म्हणून वाकड्या मुठीची लांब छत्री. रबरबँडने घट्ट बांधा, उलटी धरा आणि मुठीने बॉल ढकला. मूठ गुडघ्याच्या वर गेली की फटका बाद. हा नियम टीव्हीसाठी आहे, त्यात सवलत नाही.

खऱ्या गोल्फमध्ये होल १०.८ सेंटिमीटरचं आणि बॉल ४.२७चा, म्हणजे होल साधारण अडीचपट. त्या हिशेबाने आपल्याला १६-१७ सेंटिमीटर तोंडाचं पातेलं लागेल. ते आडवं ठेवा, दोन्ही बाजूंनी पुस्तकांची टेकणं द्या. काठाला बॉल अडतो, म्हणून तोंडात कालनिर्णयचं जुनं पान सरकवा. बॉल बुडाला लागून ठण्ण वाजला की झालं, मग बाहेर आला तरी चालेल.

आता अडथळे. खुर्चीचे पाय, चपलांची रांग हे मुलांना आपसूक सुचतं. कोपऱ्यावर वळण हवं असेल तर जेवायचा पाट भिंतीला तिरका टेकवून उभा करा. बॉल ज्या कोनात आदळेल, साधारण त्याच कोनात परततो. उशी लावलीत तर तिथेच मरतो.

सगळ्यात मजा दारात. चौकटीला तोरणाचे खिळे असतातच, मधल्या खिळ्याला सुतळीने बटाट्याची पिशवी जमिनीपासून चार बोटं वर टांगा आणि झोका द्या. दोन मीटर सुतळीवर ती जाऊन परत यायला पावणेतीन-तीन सेकंद घेते. बटाटे वाढवून वेग बदलत नाही, सुतळी आखडली तरच बदलतो. मोठ्या मुलांना हे आधी सांगू नका, त्यांनाच शोधू द्या.

शेवटचं होल बाल्कनीत घ्या. पाणी जावं म्हणून तिथे जाळीकडे उतार असतो, त्यामुळे सरळ मारलेला बॉल सरळ जातच नाही.

गुण मोजताना स्पर्धांमधला नियम उचला: एका होलला सहाच फटके, तरी नाही गेला तर सात लिहून पुढे. नाहीतर धाकटं रडतं आणि बाकीचे कंटाळतात. आणि खालच्या मजल्यावर कोणी दुपारी झोपत असेल तर खेळ पाचनंतर.