ठाण्यात बसून मर्डर मिस्टरी कशी लिहायची

माझी पहिली रहस्यकथा साभार परत आली. भाषेमुळे नाही, प्लॉटमुळे पण नाही. कथेत ठाणे आणि कळव्याच्या मधे रुळांवर बॉडी सापडते आणि मी एकदम जोशात नौपाडा पोलीस ठाण्याच्या साहेबांना जीप घेऊन तिथे पोचवलं होतं, पंचनामा, कटिंग चहा, पाऊस, सगळं. संपादकांनी बाजूला पेन्सिलने एवढंच लिहिलं होतं की रुळांवरचं प्रकरण लोहमार्ग पोलिसांकडे जातं, तुमचे साहेब इथे काय करतायत? वीस वर्षं ट्रेनने फिरतीये, प्लॅटफॉर्मवर लोहमार्ग पोलिसांची पाटी रोज दिसायची, आणि तरी दिसली नव्हती.

तेव्हा चिडले होते पण आता वाटतं की या धंद्यातला सगळ्यात मोठा धडा त्या एका ओळीत होता. रोज समोर असून न दिसणारी गोष्ट, तोच तुमचा क्लू. बाकी खून, रक्त, पाठलाग हे सगळं भाड्याने मिळतं.

ठाणेकरांना हे शिकायला लांब जायची पण गरज नाही. आपलं सेंट्रल जेल जिथे आहे त्या किल्ल्यात इंग्रजांनी त्रिंबकजी डेंगळे यांना कोंडलं होतं, दुसऱ्या बाजीरावाचे खास माणूस, १८१५ साली पंढरपुरात गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून झाला त्याचा आळ त्यांच्यावर. पहारा मुद्दाम गोऱ्या शिपायांचा, म्हणजे कोणी फितूर नको व्हायला. आणि १८१६ मध्ये हा माणूस तिथून पळाला. कसा? एका गोऱ्या अंमलदाराकडे मराठी मोतद्दार कामाला होता, तो घोडा फिरवताना खिडकीखालून मराठीत गाणी म्हणत जायचा आणि पळून जायचा सगळा निरोप त्या गाण्यांत. पहारेकरी रोज ऐकत होते हो! भाषा कळत नव्हती त्यामुळे त्यांच्यासाठी तो नुसता घोड्यामागचा आवाज. मी नवीन लिहिणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगते की वाचकाला त्या शिपायाच्या जागी उभं करा, त्याला गाणं पूर्ण ऐकवा, लपवू नका, फक्त ते गाणं आहे असंच वाटू द्या.

आता प्रत्यक्ष कामाकडे येते.

पहिलं काम वाचन, पण दोनदा. माझ्या बाबांनी नौपाड्यातल्या घरी बाबूराव अर्नाळकरांची पुस्तकं पिशवी भरभरून आणली, झुंजार, काळा पहाड, धनंजय हे लोक आमच्याकडे नातेवाईकांसारखे असायचे. हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या त्या माणसाने. मग कॉलेजात सुहास शिरवळकर, त्यांचे फिरोज इराणी आणि दारा बुलंद, आणि मधे कधीतरी गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप. लोक नाक मुरडतात यांना, मला ते अजिबात पटत नाही, कारण पान उलटायला लावणं ही अक्कल आहे आणि ती भल्याभल्या साहित्यिकांकडे नसते. तर पहिल्यांदा मजेसाठी वाचायचं, आणि खुनी कळला की लगेच दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन, खुनी आपल्याला कुठे कुठे भेटला होता आणि तेव्हा लेखकाने आपलं लक्ष कुठे वळवलं होतं ते मार्क करत. बऱ्याचदा क्लू यादीच्या मधोमध सापडतो, म्हणजे टेबलावर चष्मा, पेपर, औषधाची रिकामी पट्टी, किल्ल्या आणि विझलेली उदबत्ती. यादीतली पहिली आणि शेवटची गोष्ट लक्षात राहते, मधली जाते. पुस्तकं विकत घ्यायलाच पाहिजेत असं नाही, आपलं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, मेंबर व्हा.

अजून एक व्यायाम अमेरिकन रहस्यकथाकार रेमंड चँडलरचा. हा माणूस तेल कंपनीत मोठा अधिकारी होता, १९३२ मध्ये नोकरी गेली, वय चव्वेचाळीस, मग लिहायला बसला. शिकला कसं तर अर्ल स्टॅन्ली गार्डनरची एक कथा घेतली, तिचा सारांश काढला, त्या सारांशावरून कथा स्वतः परत लिहिली आणि मूळ कथेशी ताडून बघितली की कुठे कमी पडलो. पहिली कथा लिहायला पाच महिने लागले त्याला. आपण एका रविवारी तीन प्रकरणं पाडतो आणि मग ग्रुपवर विचारतो कशी वाटली.

दुसरं, स्वतःची नोकरी वापरा. अगाथा ख्रिस्ती पहिल्या महायुद्धात टॉर्कीच्या हॉस्पिटलमध्ये औषधं बनवून द्यायच्या विभागात होती, विषं तिथे कळली, आणि गावात बेल्जियमचे निर्वासित आले होते त्यावरून तिला बेल्जियन डिटेक्टिव्ह सुचला. १९२० ला पहिली कादंबरी आली त्यात हे दोन्ही आहे. म्हणजे कपाटातली बाटली आणि शेजारी राहायला आलेली माणसं, बस. मी रबाळ्याला औषध कंपनीत क्यूएमध्ये, म्हणजे गुणवत्ता बघणाऱ्या विभागात आहे, दिवसभर लोकांची लॉगबुकं तपासते. मला वाटायचं यात काय थ्रिल, पण खोटी नोंद ओळखणं हेच तर माझं काम आहे! महिनाभराचं टेंपरेचर एकाच पेनाने, एकाच दाबाने, एकाच तिरक्या अक्षरात असेल तर ते शेवटच्या दिवशी एका बैठकीत भरलंय. दसऱ्याला प्लांट बंद होता आणि रजिस्टरमध्ये दर दोन तासांनी २३, २३.५, २३ लिहिलंय तर कोणीतरी कॅलेंडर न बघता थापा मारल्यात. यावर माझ्या दोन कथा निघाल्या. तुम्ही बँकेत असाल, एपीएमसीत गाळ्यावर असाल, शाळेत असाल, तिथे खोटं कसं पकडलं जातं ते तुम्हालाच माहितीये, आम्हाला नाही.

तिसरं आणि मला सगळ्यात आवडतं ते, जागा. नुसतं तलावपाळी, गडकरी रंगायतन, घोडबंदर रोडचं ट्रॅफिक अशी नावं टाकली म्हणजे कथा ठाण्याची होत नाही. ती जागा काढली तर गुन्हा सुटूच नये, असं पाहिजे. एक उदाहरण देते, वापरलेलं आहे त्यामुळे ढापू नका. संशयित सांगतो, "रामनवमीच्या आदल्या संध्याकाळी सहा वाजता मी ऐरोलीला खाडीकाठी होतो, चिखलात फ्लेमिंगो चरत होते, बराच वेळ बघत बसलो." ऐकायला किती छान. पण कोळी लोकांचा जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. रामनवमीचा आदला दिवस म्हणजे अष्टमी, आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सहाला भरती, खाडीत आत अजून थोडी उशिरा, चिखल सगळा पाण्याखाली, आणि फ्लेमिंगो चरतात ते ओहोटीला चिखल उघडा पडल्यावर. गेला बाराच्या भावात! यात मी वाचकापासून काही लपवलं नाही, रामनवमी नवमीला असते हे मराठी घरात कोणाला माहीत नाही? पण वाचताना तो सण म्हणून वाचतो, तिथी म्हणून नाही. (क्षयतिथी वगैरे भानगड असते, लिहायच्या आधी त्या वर्षीचं कालनिर्णय आणि भरतीचं टाइमटेबल दोन्ही बघा, नाहीतर कोणीतरी पत्र पाठवतंच.)

खाडीचं अजून एक सुख म्हणजे हद्द. मुलुंडचा काठ मुंबई पोलिसांचा, ऐरोलीचा नवी मुंबईचा, कोपरी कळव्याचा ठाण्याचा. भरतीच्या पाण्यात बॉडी इकडून तिकडे गेली तर तीन आयुक्तालयं येतात गोष्टीत. झीरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता केलेली गुन्ह्याची नोंद, कुठेही घेता येतो पण पुढचा तपास कोणी करायचा यावरून जे फोन होतात त्यात अख्खं प्रकरण निघतं, आणि विनोदही.

पोलिसांचं बोलणं आणि कार्यपद्धती यावर मात्र मेहनत घ्या, इथे नव्वद टक्के हौशी लेखक आपटतात (हा आकडा माझ्या रागाचा आहे, सर्वेचा नाही). आमच्या बिल्डिंगमध्ये एक रिटायर्ड हवालदार काका आहेत, त्यांना मी ड्राफ्ट वाचून दाखवते. एकदा मी लिहिलं होतं की डॉक्टर म्हणाले मृत्यू दहा चाळीसला झाला. काका हसून हसून लाल. "अगं, तो डॉक्टर तिथे घड्याळ घेऊन बसला होता का? ते अंदाज देतात, एवढ्या ते एवढ्या तासांत. आणि मे महिन्यात बॉडी लवकर ताठते, लवकर सैल पडते, ते पण बघ." व्हिसेरा, म्हणजे पोस्टमॉर्टेममध्ये तपासणीसाठी काढलेले अवयव, फॉर्मलिनच्या बरणीत ठेवला होता मी, तेही चूक, विषाची तपासणी करायची असेल तर मिठाच्या संपृक्त पाण्यात ठेवतात आणि मग तो जातो कलिन्याच्या फॉरेन्सिक लॅबला, रिपोर्ट काही दुसऱ्या दिवशी चहाबरोबर येत नाही. तुमच्या कथेला हा उशीर उपयोगी पडतो, तोपर्यंत इन्स्पेक्टरला माणसांशी बोलावंच लागतं.

काही गोष्टी पाठच करून टाका. संशयास्पद मृत्यूत आधी अकस्मात मृत्यूची नोंद होते, ज्याला सगळे एडीआर म्हणतात, खुनाचा गुन्हा नंतर. १ जुलै २०२४ पासूनचा खून असेल तर ३०२ लिहू नका, भारतीय न्याय संहितेचं कलम १०३ आहे, पण जुना हवालदार बोलताना ३०२च म्हणेल आणि ते तसंच ठेवा, छान वाटतं. अटक केली की चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर. पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात चालत नाही, त्यामुळे शेवटच्या पानावर खुनी चौकीत रडत रडत सगळं सांगतो हा शेवट कायद्याच्या दृष्टीने काहीच नाही, हत्यार निघालं पाहिजे, पंच पाहिजेत, सीडीआर म्हणजे फोन कॉल्सची नोंद पाहिजे. आणि ठाणे अंमलदार म्हणजे पोलीस ठाण्यात ड्यूटीवर बसून तक्रार लिहून घेणारा, त्याचा आपल्या ठाण्याशी संबंध नाही, कोल्हापुरात पण ठाणे अंमलदारच असतो. मी लग्नानंतर कळव्यात राहायला येईपर्यंत उलट समजत होते, हसू नका.

लिहायची पद्धत प्रत्येकाची वेगळी, माझी सांगते. एका वहीत आधी गुन्ह्याचं टाइमटेबल, तासातासाने, खुनी कुठे होता, मयत कुठे होता, वॉचमन कधी झोपला, पाणी कधी आलं. हे वाचकाला कधीच दाखवायचं नाही. मग प्रत्येक पात्रासमोर एक खोटं. खुनी एकटाच खोटं बोलत असेल तर दहाव्या पानावर सापडतो, म्हणून सगळेच बोलतात, कोणी लाजेपोटी, कोणी बायकोच्या भीतीने, एक काकू तर नुसत्या सोसायटीच्या मीटिंगला का नव्हत्या ते लपवतात. यानंतर क्लू तीन, जास्त नको. एक यादीत, एक विनोदात, आणि एक अशा ठिकाणी की लगेच पुढच्या ओळीत काहीतरी फुटतं किंवा कोणीतरी किंचाळतं. मगच पहिलं वाक्य. लिहिते ट्रेनमध्ये, रबाळ्याहून परत येताना ठाणे येईस्तोवर मोबाईलवर दीड पान होतं, सीट मिळाली तर.

आणि एकटं लिहू नका. स्वीडनमधल्या माय श्यूवाल आणि पेर वाह्लू या जोडीने १९६५ ते ७५ मध्ये दहा कादंबऱ्या लिहिल्या, रात्री मुलं झोपल्यावर, एक प्रकरण तिने, एक त्याने. लंडनमध्ये १९३० ला रहस्यकथा लेखकांचा डिटेक्शन क्लब निघाला, चेस्टरटन पहिले अध्यक्ष, आणि नवीन मेंबरला शपथ घ्यावी लागायची की माझा डिटेक्टिव्ह दैवी साक्षात्काराने किंवा योगायोगाने केस सोडवणार नाही. आमचा क्लब तिघांचा, शनिवारी मासुंद्याच्या कट्ट्यावर, शपथ नाही, नियम एकच. दुसऱ्याची कथा वाचताना ज्या पानावर खुनी ओळखला त्या पानावर तारीख टाकून सही करायची. छान आहे, मस्त आहे असं बोलायचं नाही, त्याचा लेखकाला काही उपयोग नसतो, सही कुठे आली ते बघितलं की दुरुस्ती कुठे करायची ते कळतं. माझ्या एका कथेवर दुसऱ्याच पानावर दोन सह्या आल्या होत्या, घरी येईपर्यंत कोणाशी बोलले नाही.

कथा तयार झाली की दिवाळी अंकाला पाठवा, 'नवल' आणि 'धनंजय' ही नावं रहस्यकथा वाचणाऱ्यांना सांगायला नको. उन्हाळ्यातच पाठवा, गणपतीत पाठवली तर पुढच्या दिवाळीची गोष्ट. आधी अंक वाचून किती लांब कथा घेतात ते बघा, युनिकोडमध्ये टाइप करा, सोबतच्या ईमेलमध्ये कथेचा सारांश विचारला असेल तरच द्या. आणि अटॅच करायच्या आधी फाइलचं नाव तपासा, मी एकदा संपादकांना 'खुनी_सासूबाई_फायनल_३' पाठवली होती.