जुन्या कॉम्प्रेसरला दुसरी मोटर घेताना

अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना असो की हैदराबाद रोडवरचं पंक्चरचं दुकान, सोलापुरात कॉम्प्रेसर बऱ्याचदा जुनाच घेतलेला असतो. त्याची मोटर जळाली की दुकानात जाऊन ‘पाच एचपीची द्या’ एवढंच सांगितलं जातं. मोटर मिळतेही. पण घरी आणल्यावर बोल्टची भोकं जुळत नाहीत, पुली शाफ्टवर डुगडुगते, किंवा सगळं नीट बसतं आणि दोन महिन्यांत तीच मोटर वाइंडिंगवाल्याच्या टेबलावर जाते. एचपी महत्त्वाचा आहेच, पण तो पहिला प्रश्न नव्हे.

आधी जुनी का जळाली ते शोधा

हे न करता नवी मोटर बसवणं म्हणजे तिलाही त्याच वाटेने पाठवणं. मेन स्विच बंद करा, टाकीतली हवा पूर्ण सोडा, पट्टे काढा आणि फ्लायव्हील हाताने दोन-चार वेळा पूर्ण फिरवा. दाबाच्या जागी थोडा जोर लागेल, पण अडकता कामा नये. अडकत असेल, खरखर येत असेल, तर दोष पंपात आहे. पिस्टन, बेअरिंग किंवा कार्बन धरलेले व्हॉल्व्ह आधी दुरुस्त करा.

मग जळालेल्या मोटरची झाकणं उघडून आत नजर टाका. थ्री फेज मोटरच्या काही कॉईल काळ्या आणि मधल्या काही स्वच्छ, असा ठरावीक अंतराने पट्टा दिसला तर एक फेज गेलेला असताना ती चालली होती. किटकॅट फ्यूजमधली एकच तार उडते, बाकीचे दोन फेज चालूच राहतात, आणि मोटर घुमत घुमत जळते. सगळं वाइंडिंग सारखंच करपलं असेल तर जादा लोड, कमी व्होल्टेज किंवा हवा न मिळणं यांतलं काहीतरी आहे. एकाच ठिकाणी ठिणगीचा डाग असेल तर तिथलं इन्सुलेशन गेलं होतं.

तिसरा संशयित सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतो: टाकीच्या तोंडावरचा चेक व्हॉल्व्ह. कॉम्प्रेसर बंद झाला की प्रेशर स्विचपाशी ‘फुस्स’ असा आवाज येतो. डोक्यापासून टाकीपर्यंतच्या नळीतली हवा तिथून सुटते, म्हणजे पुढच्या वेळी मोटर रिकाम्या पंपावर उचलते. आवाज दोन-चार सेकंदांत थांबला पाहिजे. थांबत नसेल तर चेक व्हॉल्व्ह गळतोय आणि टाकीची हवा मागे येतेय. आवाज आलाच नाही तर अनलोडर, म्हणजे ही हवा सोडणारा छोटा व्हॉल्व्ह, चोंदलाय. दोन्ही दोषांत मोटरला भरल्या दाबावर सुरू व्हावं लागतं, आणि चांगली मोटरही तिथे गुरगुरत उभी राहते. चेक व्हॉल्व्ह मोटरच्या मानाने फार स्वस्त आहे. मोटर बदलताय तर तोही बदलून टाका.

एचपी किती, हे पंपाला विचारा

जुन्या मोटरच्या प्लेटवर विसंबू नका. हातोहात फिरलेल्या मशिनवर आधीच्या मालकाने मिळेल ती मोटर बसवलेली असू शकते. पंपाची प्लेट शाबूत असेल तर तीच खरी. नसेल तर व्हॉल्व्ह साफ करायला डोकं काढाल तेव्हा पिस्टनचा व्यास आणि स्ट्रोक मोजून घ्या.

समजा टू स्टेज पंप आहे. मोठा, म्हणजे लो प्रेशरचा सिलिंडर १०० मिमीचा, स्ट्रोक ८० मिमी, आणि फेरे मिनिटाला ९००. सेंटिमीटरमध्ये १० × १० × ०.७८५ × ८ म्हणजे एका फेऱ्याला ६२८ घन सेंटिमीटर. गुणिले ९०० केलं की मिनिटाला ५६५ लिटर, म्हणजे २० सीएफएम (मिनिटाला घनफूट). टू स्टेजमध्ये फक्त मोठा सिलिंडर धरायचा. छोटा तीच हवा पुन्हा दाबतो. १० ते १२ किलो दाबाला साधारण ४ सीएफएममागे १ एचपी धरा. म्हणजे या पंपाला ५ एचपी, ३.७ किलोवॅट. हा हिशेब पिस्टनने ओढलेल्या हवेचा आहे. नळीतून प्रत्यक्ष मिळणारी हवा त्यापेक्षा कमीच असते.

मोटर थोडी मोठी घेतली तर बिघडत नाही, फक्त पुली तीच ठेवा. मोटर मोठी म्हणून पुलीही मोठी केली की पंप तापतो आणि व्हॉल्व्ह जातात.

फेरे चुकले की सगळं चुकलं

आपल्याकडच्या ५० हर्ट्झवर ४ पोलची मोटर सुमारे १४४० फेरे देते, २ पोलची २८८०, ६ पोलची ९६०. पट्ट्यावरच्या कॉम्प्रेसरला बहुतेक वेळा १४४० चीच लागते. भंगार बाजारात ५ एचपीची स्वस्त, हलकी मोटर दिसली तर आधी प्लेटवर फेरे वाचा, कारण २ पोलची मोटर त्याच एचपीला बऱ्याचदा आकाराने लहान असते. ती जुन्या पुलीवर चढवली तर पंप दुप्पट वेगाने पळेल, जवळजवळ दुप्पट ताकद मागेल आणि मोटर काही मिनिटांतच ट्रिप होईल. जादा करंट आला की मोटर बंद करणारा ओव्हरलोड रिले नसेल तर जळेल.

हिशेब सोपा आहे: मोटरचे फेरे × मोटरची पुली = पंपाचे फेरे × फ्लायव्हील. फ्लायव्हील ४०० मिमीचं आणि पंप ९०० वर चालवायचा, तर १४४० च्या मोटरला २५० मिमीची पुली. नव्या आयई-३ (कमी वीज खाणाऱ्या) मोटरचे फेरे जुन्यापेक्षा थोडे जास्त, १४५० च्या आसपास असू शकतात. एवढ्याने पुली बदलायची गरज नाही.

थ्री फेज नसेल तर

शहरातल्या गल्लीबोळांतल्या दुकानांत सिंगल फेजच असतं. ५ एचपी सिंगल फेजवर २० अँपियरच्या वर करंट घेईल आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. साध्या कनेक्शनवर हे झेपत नाही. त्यापेक्षा वरच्याच पंपाला ३ एचपीची सिंगल फेज मोटर लावून पुली १५० मिमीची करा. पंप ५४० फेऱ्यांवर येईल, हवा ९०० च्या मानाने साठ टक्के मिळेल, पण मशिन निवांत चालेल. याहून फार खाली मात्र नेऊ नका. आतला डिपर तेल उडवून सिलिंडरच्या भिंतीवर पोचवतो. वेग पडला की तेल वर जात नाही.

सिंगल फेजमध्ये कपॅसिटर स्टार्ट कपॅसिटर रन अशीच मोटर मागा, दोन कपॅसिटरवाली. एकाच रन कपॅसिटरवर चालणारी मोटर पंख्याला, छोट्या पाण्याच्या पंपाला ठीक. कॉम्प्रेसर उचलायला तिच्यात जोर नसतो. चांगल्या मोटरमध्ये वेग घेताना आतून ‘टक’ असा सेंट्रिफ्युगल स्विचचा आवाज येतो. तो आला नाही तर स्टार्ट कपॅसिटर लाइनमध्येच राहतो आणि फुटतो.

फ्रेम आणि शाफ्ट: टेप घेऊनच दुकानात जा

फ्रेमचा आकडा म्हणजे पायापासून शाफ्टच्या मध्यापर्यंतची उंची, मिलिमीटरमध्ये. ४ पोलमध्ये साधारण असं बसतं: २ एचपी ९०एल, शाफ्ट २४ मिमी, ३ एचपी १००एल, शाफ्ट २८, ५ एचपी ११२एम, शाफ्ट २८, साडेसात एचपी १३२एस, शाफ्ट ३८. ११२एमची पायाची भोकं आडवी १९० आणि उभी १४० मिमीवर असतात, १००एलची १६० आणि १४० वर. म्हणजे ३ आणि ५ एचपीमध्ये लांबीची भोकं जुळतात, रुंदीची नाही. बेडला नवे स्लॉट पाडावे लागतील.

आणि एक बारीक गोष्ट, जिच्यावर भलेभले फसतात. फार जुन्या मोटरीचा शाफ्ट इंचात असतो, सव्वा इंचाला एक सूत कमी, म्हणजे २८.५७ मिमी. नव्या २८ मिमीच्या शाफ्टवर ती जुनी पुली हाताने सरकते आणि ग्रब स्क्रू आवळला की घट्ट वाटते. अर्ध्या मिलिमीटरचा तो फरक आठवडाभरात चावी (शाफ्ट आणि पुलीला जखडणारा लोखंडी तुकडा) कापतो आणि शाफ्टची खाच खाऊन टाकतो. पुलीच्या भोकाला व्हर्नियर लावा. इंचातली निघाली तर लेथवाल्याकडून बुश घालून २८ ला बोअर करून घ्या, किंवा नवी पुली घ्या. पत्र्याची पट्टी गुंडाळून बसवू नका.

उन्हाळा आणि सुताचे तंतू

मोटरच्या प्लेटवर भोवतालचं तापमान लिहिलेलं असतं, बहुधा ४० अंश. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बाहेरच पारा ४२-४३ ला जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून वर. म्हणून ५० अंशांची मोटर मिळाली तर ती घ्या, नाहीतर एचपीत थोडी मोकळीक ठेवा. इन्सुलेशन क्लास एफ (जास्त उष्णता सोसणारं), संरक्षण आयपी ५५ (धूळ आणि पाण्यापासून) आणि ड्यूटी एस१ (सतत चालण्याची) असावी. यंत्रमागाच्या शेडमध्ये सुताचे तंतू मागच्या पंख्याच्या जाळीवर थर धरतात. जाळी झाकली की वर लिहिलेल्या सगळ्या आकड्यांना काही अर्थ उरत नाही. दर आठवड्याला ब्रशने झाडा. हवेच्या झोताने उडवाल तर तंतू आत फिन्समध्ये जाऊन बसतात.

जुनी मोटर घेत असाल तर

५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून वाइंडिंग आणि बॉडीमधला रेझिस्टन्स पाहा. १ मेगाओमच्या खाली असेल तर सोडून द्या. मग रिकामी चालवून तिन्ही फेजचा करंट क्लॅम्प मीटरने मोजा. ५ एचपीच्या ४ पोल मोटरचा पूर्ण लोडचा करंट साडेसात अँपियरच्या आसपास असतो. रिकामी असताना तीन-साडेतीन अँपियर ठीक, आणि तिन्ही फेज जवळपास सारखे. पाचच्या वर गेला तर वाइंडिंगमध्ये तारेचे वेढे कमी भरलेत, किंवा जुनी कॉईल काढताना जाळून कोअर खराब झालाय. शाफ्ट वर-खाली हलवून बेअरिंगही पाहा.

बसवताना आणि बसवल्यावर

५ एचपीला डीओएल, म्हणजे मोटर थेट लाइनवर सुरू करणारा, स्टार्टर पुरतो. १० एचपीला स्टार-डेल्टा (आधी स्टारमध्ये कमी करंटवर उचलून मग डेल्टामध्ये पूर्ण जोरावर नेणारा स्टार्टर) लावणार असाल तर सुरू होताना पंप रिकामा हवाच, कारण स्टारमध्ये जोर एक तृतीयांश उरतो. कमी व्होल्टेजचंही तसंच: ४१५ च्या जागी ३४० आले की जोर दोन तृतीयांशावर येतो. लांबच्या गाळ्यापर्यंत दीड स्क्वेअरची (चौरस मिमीची) वायर ओढली तर हा खड्डा आपणच खणतो; ५ एचपीला तांब्याची अडीच, अंतर जास्त असेल तर चार स्क्वेअरची टाका. ओव्हरलोड रिले प्लेटवरच्या अँपियरवर ठेवा. ट्रिप होतो म्हणून तो वाढवणं म्हणजे मोटर जाळायची तयारी. एक फेज गेला की मोटर बंद करणारा सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर जरूर लावा.

पुली शाफ्टच्या खांद्याकडे जितकी आत बसेल तितका बेअरिंगवर भार कमी. दोरा धरून पुली आणि फ्लायव्हील एका रेषेत आणा. पट्ट्याचा ताण: दोन पुल्यांमधल्या दर १०० मिमी अंतराला अंगठ्याने दीड मिमी दबावा, ५०० मिमी असेल तर ८ मिमी. दिशा फ्लायव्हीलवरच्या बाणाप्रमाणे, हवा सिलिंडरवर फेकली गेली पाहिजे. उलटी फिरली तर थ्री फेजला कोणत्याही दोन वायरी बदला.

शेवटी टाकी शून्यावरून भरू द्या आणि क्लॅम्प मीटर लावून उभे राहा. सुरू होतानाचा झटका सोडला तर सगळ्यात जास्त करंट कट-आउटच्या, म्हणजे टाकी भरून प्रेशर स्विच मोटर बंद करतो त्या, क्षणी येतो. तो प्लेटच्या आकड्याच्या आत असला पाहिजे. वर जात असेल तर रिलेला हात लावू नका, पुली एक माप लहान करा. नवा पट्टा आठवड्याभरात सैल पडतो, तेव्हा आठव्या दिवशी ताण पुन्हा तपासा आणि त्याच वेळी पायाचे चारही बोल्ट आवळा.