पुण्यात भाड्यासाठी फ्लॅट घेताय? आधी भाडेकरू ठरवा

भाड्यासाठी घर बघताना बाल्कनीतून टेकडी दिसते का, हे बघण्यात अर्थ नाही. तिथे तुम्ही राहणार नाही. राहणार कोण, ते आधी ठरवा. हिंजवडीत नोकरी करणारे वाकड, मारुंजी, माण बघतात. खराडीच्या आयटी पार्कमधले चंदननगर-वाघोलीपर्यंत जातात. चाकण एमआयडीसीतल्या कामगाराला कंपनीच्या बसथांब्याजवळ साधा वन आरके (एक खोली आणि स्वयंपाकघर) चालतो. कोथरूडमधलं कुटुंब मुलांच्या शाळेमुळे चार-पाच वर्षं हलत नाही, पण तिथे घराच्या किमतीच्या मानाने भाडं कमी पडतं.

भाग पक्का झाला की सोमवारी सकाळी नऊला त्या फ्लॅटपासून ऑफिसच्या गेटपर्यंत दुचाकीने जाऊन बघा. मग भाडेकरू म्हणून दोन-तीन एजंटांना फोन करा. एकाच सोसायटीतले आठ-दहा रिकामे फ्लॅट त्यांनी लगेच पुढे केले, तर मालक म्हणून तुमच्यासाठी ती वाईट बातमी आहे. विकणाऱ्या एजंटाने सांगितलेलं भाडं हिशेबात धरू नका.

आता हिशेब. समजा किंमत 60 लाख. पुणे शहरात मुद्रांक शुल्क 7 टक्के, म्हणजे 4.20 लाख, महिलेच्या एकटीच्या नावावर घेतलं तर 1 टक्का कमी. नोंदणी 30 हजार. ट्रॉल्या, कपाटं, गिझर, पंखे यांना अडीच लाख. एकूण 67 लाख. भाडं 20 हजार, म्हणजे वर्षाला 2.40 लाख. त्यातून एक महिना रिकामा (20 हजार), मेंटेनन्स (36 हजार), मालमत्ता कर (12 हजार), रंग-दुरुस्ती आणि दलाली (20 हजार) वजा करा. उरतात 1.52 लाख, म्हणजे 67 लाखांवर सव्वादोन टक्के. जाहिरातीत हेच 'चार टक्के' असतात, कारण तिथे खर्च न काढता 60 लाखांवर 2.40 लाख धरतात. 45 लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी घेतलं तर हप्ता 39 हजारांच्या आसपास येतो. भाड्यातून निम्माच निघतो. उरलेला निम्मा दरमहा पगारातून भरता येत नसेल तर इथेच थांबा.

बांधकाम चालू असलेला फ्लॅट भाड्यासाठी सहसा नकोच. ताबा मिळेपर्यंत भाडं शून्य, वर 5 टक्के जीएसटी (45 लाखांपर्यंतच्या परवडणाऱ्या घराला 1 टक्का). भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला तयार असल्याचा सरकारी दाखला) मिळालेल्या घराला जीएसटी लागत नाही. मोठ्या प्रकल्पाची आणखी एक गंमत असते. दोनशे-तीनशे फ्लॅटचा ताबा एकाच महिन्यात मिळतो, सगळे गुंतवणूकदार एकदमच भाडेकरू शोधू लागतात आणि भाडं कोसळतं. पाच-सात वर्षं जुनी, वस्ती झालेली सोसायटी बरी. त्याच पैशात एक थ्री बीएचके की दोन वन बीएचके, असा प्रश्न असेल तर वन बीएचके घ्या. एक रिकामा पडला तरी दुसऱ्याचं भाडं चालू राहतं.

टोकन देण्याआधी सोसायटीचा वार्षिक हिशेब मागा आणि त्यात टँकरचा खर्च बघा. एप्रिल-मेमध्ये तो फुगत असेल, तर मेंटेनन्सही वाढणार. बॅचलर चालतात का, पार्किंग नावावर आहे का, हे सेक्रेटरीलाच विचारा. भाडेकरू ठेवल्याबद्दल सोसायटी ना-वहिवाट शुल्क घेते. ते मेंटेनन्समधल्या सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. पुणे मनपा हद्दीत स्वतः राहणाऱ्याला मालमत्ता करात मिळणारी 40 टक्के सवलत भाड्याने दिलेल्या घराला नसते, म्हणून विकणाऱ्याचं जुनं कराचं बिल बघून फसू नका.

लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा करार) लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकावर आहे. 20 हजार भाडं, 60 हजार परत द्यायची अनामत आणि 11 महिने, अशा कराराला मुद्रांक सुमारे 565 रुपये आणि शहरात नोंदणी 1000 रुपये. एवढे वाचवायला नोटरीवर भागवलं आणि मुदत संपूनही भाडेकरू हलला नाही, तर घर परत मिळवायला आणि दुप्पट भाडं मागायला सक्षम प्राधिकाऱ्याकडे (असे भाड्याचे वाद ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे) जाताना तुमच्या हातात भक्कम कागद नसतो.