ब्रिटनमधलं भाड्याचं घर: विजेचे हीटर आणि मीटर यांची जोडी कशी जुळवावी

शिकायला किंवा नोकरीला ब्रिटनमध्ये आलेल्या मराठी मंडळींच्या वाट्याला बऱ्याचदा गॅसजोडणी नसलेला फ्लॅट येतो. घर विजेवर तापतं, पाणीही विजेवर तापतं, आणि तिथे विजेचं युनिट गॅसच्या साधारण चौपट महाग असतं. अशा घराचं बिल मुख्यतः एकाच गोष्टीवर ठरतं: भिंतीवरचे हीटर आणि कपाटातलं मीटर एकमेकांना साजेसे आहेत का. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडला पुढचं सगळं लागू आहे. उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे.

घर बघायला जाल तेव्हाच

हीटर जाडजूड, जड, आणि वरच्या बाजूला इनपुट व आउटपुट अशी दोन बटणं असलेला असेल तर तो स्टोरेज हीटर. त्याच्या पोटात विटा असतात. रात्रीच्या स्वस्त विजेवर त्या तापतात आणि दिवसभर ऊब सोडतात. पातळ, हलका, एकच थर्मोस्टॅट असलेला असेल तर तो पॅनेल हीटर. तो चालू असेल तेवढ्यापुरतीच उष्णता देतो.

मग मीटर बघा. त्यावर दोन रीडिंग दिसत असतील (रेट १ आणि रेट २, किंवा लो आणि नॉर्मल) तर ते दोन दरांचं मीटर. १९७८पासून चालत आलेल्या ‘इकॉनॉमी ७’ योजनेत रात्रीचे सात तास वीज स्वस्त असते, पण त्या बदल्यात दिवसाचा दर साध्या दरापेक्षा चढा असतो. म्हणून स्टोरेज हीटरला एकदरी मीटर हा तोटा, आणि पॅनेल हीटरला इकॉनॉमी ७ हाही तोटाच. एजंटला यातलं बहुधा काही माहीत नसतं, स्वतःच बघा. घराचं ऊर्जा प्रमाणपत्रही मागा. इंग्लंड आणि वेल्समध्ये सवलत मिळालेली मोजकी घरं सोडली तर ‘ई’पेक्षा खालच्या श्रेणीचं घर भाड्याने देता येत नाही.

महाराष्ट्रातली एक सवय इथे सोडून द्यावी लागते. महावितरणच्या बिलात वापर वाढला की वरच्या टप्प्यातलं युनिट महाग होतं. ब्रिटनच्या नेहमीच्या दरयोजनांत टप्पे नसतात; पहिलं युनिट आणि हजारावं युनिट एकाच भावाचं. त्यावर स्टँडिंग चार्ज, म्हणजे आपल्याकडचा स्थिर आकार, दिवसाच्या हिशोबाने लागतो. दर तीन महिन्यांनी ऑफजेम ही नियामक संस्था जी दरमर्यादा जाहीर करते, ती युनिटच्या आणि स्टँडिंग चार्जच्या दरावर असते. एकूण बिलाला तिने आळा बसत नाही.

रात्रीचं रीडिंग कोणतं?

रेट १ म्हणजे रात्र की दिवस, हे मीटरगणिक बदलतं. पुरवठादाराच्या नोंदीत ते उलटं पडलं असेल तर रात्रीची सगळी वीज दिवसाच्या भावाने आकारली जाते. तपासणी सोपी आहे: झोपण्यापूर्वी दोन्ही आकड्यांचा फोटो काढा, सकाळी उठल्याबरोबर पुन्हा काढा. स्टोरेज हीटर चालू असताना रात्रीत जो आकडा जास्त पुढे गेला तो रात्रीचा. बिलावर उलट दिसलं तर दोन्ही फोटो लावून लेखी तक्रार करा.

स्वस्त तास नेमके कुठले, तेही विचारून घ्या. ते प्रदेशानुसार आणि मीटरनुसार बदलतात. उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे जातात, बरीच जुनी मीटर मात्र जात नाहीत. म्हणजे हिवाळ्यात साडेबारा ते साडेसात असलेली वेळ उन्हाळ्यात दीड ते साडेआठ होते. मीटरशेजारी रेडिओ टेलिस्विच नावाची वेगळी डबी असेल तर आधी ते काम हातात घ्या. ही डबी बीबीसीच्या लाँगवेव्ह रेडिओवरून येणाऱ्या संदेशावर चालायची, आणि ती सेवा ३० जून २०२५पासून टप्प्याटप्प्याने बंद होऊ लागली. संदेश नसला की हीटर मुळीच चालू न होणं किंवा भलत्या वेळी चालू होणं, दोन्ही घडू शकतं. पुरवठादाराला फोन करून मीटर बदलून मागा.

दोन दर परवडतात का, हा हिशोब

दिवसाच्या दरातून साधा दर वजा करा. दिवसाच्या दरातून रात्रीचा दर वजा करा. पहिल्या उत्तराला दुसऱ्याने भागा. समजा दिवसाचा दर ३१ पेन्स, रात्रीचा १६ आणि साधा दर २५ आहे. ६ भागिले १५, म्हणजे ४० टक्के. तुमच्या एकूण युनिटांपैकी ४० टक्क्यांपेक्षा जास्त रात्री जळत असतील तरच इकॉनॉमी ७ ठेवा. स्टँडिंग चार्ज वेगळा असेल तर तोही धरा. हिशोब हिवाळ्यातल्या एखाद्या महिन्यावर नको, वर्षभराच्या वापरावर करा.

२.५५ किलोवॉटचा स्टोरेज हीटर सात तास पूर्ण चालला तर सुमारे १८ युनिटं खातो. वरच्या दरांनी रात्री ते २ पाउंड ८६ पेन्सला पडतं, साध्या दराने साडेचार पाउंडांच्या आसपास. असे दोन हीटर तीस रात्री चालले, तर फरक महिन्याला ९५ पाउंडांच्या पुढे जातो.

स्टोरेज हीटर वापरण्याची रीत

इनपुट म्हणजे आज रात्री किती उष्णता साठवायची. आउटपुट म्हणजे साठवलेली किती वेगाने सोडायची. झोपताना आउटपुट अगदी कमी करा. सर्वात जास्त पैसे इथेच वाया जातात: आउटपुट रात्रभर उघडं राहिलं, तर उष्णता झोपेतच निघून जाते आणि संध्याकाळी कामावरून येईपर्यंत विटा गार झालेल्या असतात. सकाळी बाहेर पडताना आउटपुट कमी, संध्याकाळी परतल्यावर जास्त. इनपुट मात्र उद्याच्या हवामानाचा अंदाज बघून आदल्या संध्याकाळीच ठरवा, कारण आज केलेला बदल उद्या जाणवतो.

‘बूस्ट’ बटणापासून जपून राहा. काही हीटरांत ते फक्त झडप उघडतं, त्याला वीज लागत नाही. काहींत मात्र दिवसाच्या दरावर चालणारी वेगळी कॉइल असते. हीटरसाठी भिंतीवर दोन स्विच दिसले, तर बूस्ट बहुधा दिवसाच्या दराचं.

सकाळी हीटर गार? सगळे गार असतील तर दोष मीटरच्या वेळेत किंवा रात्रीच्या सर्किटच्या वेगळ्या फ्यूजबॉक्समध्ये शोधा. एकच गार असेल तर आधी त्याचा भिंतीवरचा स्विच बघा. तो चालू असेल तर आतला सुरक्षा-कटआउट तुटलेला असण्याची शक्यता मोठी. ओले कपडे हीटरवर वाळत घातले की तो तुटतो, शिवाय आग लागण्याचा धोका असतोच. आत हात घालू नका. ती दुरुस्ती घरमालकाने इलेक्ट्रिशियनकडून करून द्यायची असते.

पॅनेल हीटरबद्दल सांगण्यासारखं फार नाही. ज्या खोलीत बसता तीच तापवा आणि टायमर लावा. ‘कमी विजेत जास्त ऊब’ अशा जाहिराती बघून तेलाचा किंवा सिरॅमिकचा हीटर विकत घेऊ नका; एका युनिटमधून हे सगळे सारखीच उष्णता देतात. दोन किलोवॉटचा कोणताही हीटर तासाला दोन युनिटं खाणारच. १०० वॉटचं इलेक्ट्रिक ब्लँकेट मात्र तासाला अडीच-तीन पेन्सांत माणसाला ऊब देतं. हीटर एक्स्टेन्शन बोर्डावर लावू नका, आणि खिडकीवरच्या हवेच्या फटी बुजवू नका. भिंतीला बुरशी धरते.

गरम पाणी

१२० लिटरची टाकी १० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ७ युनिटं लागतात: रात्री १ पाउंड १२ पेन्स, दिवसा २ पाउंड १७. टाकीला बहुधा दोन कॉइल असतात, खालची रात्रीच्या सर्किटवर आणि वरची बूस्टसाठी. बूस्टचा स्विच चालू राहिला, तर प्रत्येक आंघोळीनंतर दिवसाच्या दराने पाणी पुन्हा तापत बसतं. थर्मोस्टॅट ६० अंशांखाली आणू नका. कोमट टाकीत लिजिओनेला जंतू वाढतात.

मीटर बदलायचा हक्क आणि पैसे भरायची पद्धत

वीजबिल तुमच्या नावावर थेट पुरवठादाराकडून येत असेल, तर पुरवठादार बदलायचा आणि स्मार्ट मीटर बसवून घ्यायचा हक्क तुमचा आहे. तरीही भाडेकरार वाचा आणि घरमालकाला लेखी कळवा. प्रीपेड मीटर काढून साधं बसवलंत, तर घर सोडताना पूर्ववत करून द्यावं लागू शकतं.

प्रीपेड मीटरच्या घरात शिराल तेव्हा रिचार्ज करण्याआधी पुरवठादाराला फोन करून नवी ‘की’ (मीटरमध्ये घालायची रिचार्जची किल्ली) किंवा कार्ड मागा. आधीच्या भाडेकरूच्या कीवर त्याचं कर्ज असेल, तर तुमच्या पैशांतून ते वळतं होतं. महिनाभर भारतात जाणार असाल तर थोडी रक्कम शिल्लक ठेवून जा. घर बंद असलं तरी स्टँडिंग चार्ज साठतो आणि परतल्यावरचा पहिला रिचार्ज तोच गिळतो.

सप्टेंबरात येऊन जूनमध्ये घर सोडणाऱ्या विद्यार्थ्यांनी समान हप्त्यांच्या डायरेक्ट डेबिटऐवजी प्रत्यक्ष वापराइतकी रक्कम कापणारं डायरेक्ट डेबिट मागावं. समान हप्ता वर्षभराच्या अंदाजावर बेतलेला असतो. हिवाळ्यातली थकबाकी उन्हाळ्यात फिटायची असते, आणि तुम्ही त्याआधीच निघालेले असता. शेवटचं बिल मग एकदम अंगावर येतं. बिल आल्यावर भरायची पद्धत सहसा सर्वांत महाग पडते.

घरमालक स्वतःच्या मीटरवरून सबमीटर लावून वीज देत असेल, तर त्याला पडलेल्या दरापेक्षा जास्त दर तो लावू शकत नाही. जास्तीत जास्त पुनर्विक्री दराचा हा नियम २००३पासून लागू आहे. त्याच्या बिलाची प्रत मागा. मग घरातली सगळी उपकरणं बंद करून सबमीटर बघा; आकडा सरकत असेल तर जिन्यातला दिवा किंवा शेजारची खोली तुमच्या मीटरवर आहे. त्यानंतर फक्त दोन किलोवॉटचा हीटर थर्मोस्टॅट पूर्ण वर करून अर्धा तास चालवा. आकडा सुमारे एका युनिटने वाढायला हवा. बराच जास्त वाढला तर आधी-नंतरच्या फोटोंसह घरमालकाकडे लेखी मागणी करा: सबमीटर तपासा, आणि तोवरची जास्तीची आकारणी परत करा.