टीव्ही-रेडिओ-कॅसेट थ्री इन वन वर रेडिओ रेकॉर्ड करताना शिट्टी येते का?

मिडीयम वेव्हवरून कॅसेटवर रेकॉर्ड करायला गेलं की मधेच कुईंऽऽ अशी शिट्टी येते, आणि आपण उगाच स्टेशनचा काटा पुढेमागे करत बसतो. स्टेशन बरोबर असतं. रेकॉर्डिंगच्या सर्किटमधली फ्रिक्वेन्सी रेडिओच्या सिग्नलला भिडते म्हणून होतं ते.

१. मागे किंवा बाजूला बीट कट, बीट कॅन्सल किंवा आयएसएस नावाचं छोटं स्विच असतं का बघा. रेकॉर्डिंग चालू असतानाच ते इकडून तिकडे करा, जिथे शिट्टी कमीत कमी येते तिथे ठेवा.

२. तरी खरखर राहिली तर अख्खा सेटच हळूहळू फिरवा, कारण मिडीयम वेव्हचा अँटेना आत असतो, तो वरचा लांब दांडा फक्त एफएम आणि टीव्हीसाठी, मी किती दिवस तोच ओढत होतो!

३. आवाज बारीक केला तरी चालतो, बहुतेक सेटमध्ये रेकॉर्डिंगची लेव्हल आपोआप ठरते. घरच्यांची झोप मोडत नाही.

सेलवर चालवत असाल तर फंक्शनचं बटण टीव्हीवर राहिलेलं नाही ना बघा, पिक्चर ट्यूब सेल फार पटकन खाते.

एकच सांभाळा, कितीही शिट्टी आली तरी मागचं झाकण उघडू नका, प्लग काढल्यावरही पिक्चर ट्यूबमध्ये जोरदार व्होल्टेज राहू शकतं.