गावच्या पोस्टाचे शिक्के जमवताना या चुका टाळा

तिकिटे जमवणारे पुष्कळ असतात; आपल्याच भागातल्या लहान पोस्टांचे शिक्के आणि त्या पोस्टांतून गेलेली पत्रे जमवणारे त्या मानाने थोडे. मी वीसेक वर्षे सातारा, सांगली आणि रत्नागिरी या जिल्ह्यांतली पत्रे जमवतो आहे आणि नवखा संग्राहक भेटला की त्याच्या हातात काय आहे हे आधी पाहतो. बहुतेक वेळा कात्री असते.

पाकिटावरून तिकीट कापून घेणे किंवा पाण्यात भिजवून सोडवणे ही या छंदातली सर्वांत जुनी आणि सर्वांत महाग पडणारी चूक आहे. एका तालुक्याच्या गावी आडत दुकान चालवलेल्या घराण्याच्या माळ्यावर तीन पिढ्यांचा पत्रव्यवहार पोत्यात भरून ठेवला असल्याचे मला कळले होते. दिवाळीनंतर येतो असा निरोप मी पाठवला आणि ठरल्याप्रमाणे गेलो, तेव्हा घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने बिस्किटांचा पत्र्याचा डबा माझ्यापुढे ठेवला. "काका, तुमचं काम सोपं करून ठेवलंय," तो म्हणाला. डब्यात तीनशेच्या आसपास तिकिटे होती, सगळी सुबक चौकोनी कापलेली, आणि प्रत्येकीवर शिक्क्याचा जेमतेम पाव भाग. कुठे गावाच्या नावाची शेवटची दोन अक्षरे, कुठे नुसता महिना. उरलेली पाकिटे बंबात गेली होती. पोस्टकार्डावरचे तिकीट छापील असते, हेही त्याच्या ध्यानात आले नव्हते. जी चार-सहा कार्डे वाचली होती त्यांना कोपऱ्यात खिडकी पडली होती आणि त्या खिडकीतून पाठीमागच्या मजकुराच्या ओळी निघून गेल्या होत्या.

त्या मुलाचा मला राग आला नाही, कारण आधी सांगून ठेवण्याचे काम माझे होते. एकच कार्ड शाबूत मिळाले, तेही रोजमेळाच्या वहीत खूण म्हणून अडकून राहिल्यामुळे. गुळाचा भाव विचारणारा मोडीतला मजकूर, पत्त्याच्या बाजूला पाठवणाऱ्या गावाचा गोल शिक्का आणि त्याच्या खाली, थोडा तिरका, पोहोचल्याचा दुसरा शिक्का. दोहोंमध्ये पाच दिवसांचे अंतर होते आणि महिना जुलै होता. एवढ्या पावसात ते कार्ड कोठे अडकले असेल, याचा विचार मी अजून करतो. त्या डब्यातल्या तीनशे तिकिटांपैकी एकीनेही मला असा विचार करायला लावलेले नाही. म्हणून आता कोठेही निरोप पाठवताना पहिले वाक्य हेच असते की काहीही कापू नका, पुसू नका, निवडूही नका. पोते जसे आहे तसे राहू द्या.

सेलोटेप लावू नये. लॅमिनेशन तर कधीच करू नये. ते केलेले पत्र मी फुकटही घेत नाही.

शिक्का वाचताना होणाऱ्या चुका निराळ्या जातीच्या असतात आणि त्यांचे मूळ बहुधा घाईत असते. 'खेड' एवढे वाचून पत्र रत्नागिरीच्या वहीत लावणाऱ्याने पुणे जिल्ह्यातल्या खेडाचा, म्हणजे आजच्या राजगुरुनगरचा, विचारच केलेला नसतो. शिक्क्यात पिन असेल तर प्रश्न सुटतो, कारण रत्नागिरीतल्या खेडाचा पिन ४१५ ने सुरू होतो आणि राजगुरुनगरचा ४१० ने. पण पिन आला १५ ऑगस्ट १९७२ रोजी, तेव्हा त्यापूर्वीच्या पत्रांसाठी पत्ता, दुसरा शिक्का आणि मजकूर एकत्र वाचण्याला पर्याय नाही. जिल्ह्याच्या नावाचेही तसेच आहे. कुलाबा जिल्ह्याचे नाव १९८१ साली रायगड झाले आणि त्याच वर्षी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा निघाला, पण म्हणून जुन्या नावाचा प्रत्येक शिक्का १९८१ पूर्वीचाच असे ठरवून टाकू नये. नवा शिक्का येईपर्यंत लहान पोस्टात जुनाच चालतो आणि कधीकधी बराच काळ चालतो. वर्षाचे दोनच आकडे असतील तर तिकिटाकडे पाहावे, मात्र तेही जपून. १९४८ च्या पत्रावर पंचम जॉर्जच्या मुलाचा, सहाव्या जॉर्जचा, चेहरा दिसला की काही जण ते बनावट समजतात. स्वतंत्र भारताचे पहिले तिकीट निघाले ते २१ नोव्हेंबर १९४७ रोजी, आणि रोजच्या वापराची नवी मालिका आली थेट १५ ऑगस्ट १९४९ रोजी. मधल्या काळात गावोगावी राजाचीच तिकिटे खपत होती. मराठवाड्यातली जुनी पत्रे हाती आली तर निजामाच्या राज्याचे स्वतःचे टपाल खाते होते, हे आधी आठवावे. गोव्याच्या पत्रांवर डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीज अंमलाची तिकिटे दिसणारच.

माझा दुसरा आवडता विषय म्हणजे पोस्टाच्या खिडकीवरचे वागणे. गावातले शाखा डाकघर म्हणजे अनेकदा कोणाच्या तरी घराची पुढची खोली, एक टेबल, एक लोखंडी पेटी आणि दिवसातले काही तास. एका हौशी तरुणाला मी अशा ठिकाणी बरोबर नेले होते. स्वतःचा पत्ता घातलेली पंचवीस पाकिटे त्याने टेबलावर ठेवली ती नेमकी थैली बंद करण्याच्या वेळी. डाकसेवक बिचारे भिडस्त. त्यांनी शाईच्या पॅडवर शिक्का दाबून एकामागून एक पंचवीस ठोके मारले आणि पाकिटे तशीच एकावर एक रचली. परिणाम असा झाला की पहिल्या तीनांवर शाईचे डबके, शेवटच्या दहांवर नुसती कड, आणि मधल्या प्रत्येक पाकिटाच्या पाठीवर खालच्याच्या शिक्क्याची उलटी छाप. तरुणाने परत येताना वाटभर डाकसेवकांना नावे ठेवली, आणि मला त्याला पुन्हा बरोबर न्यावेसे वाटले नाही.

मी दोन पाकिटांहून अधिक नेत नाही. पेन्शनचे दिवस आणि आठवडे बाजार टाळतो, आधी तिकिटे तिथेच विकत घेतो आणि थोडे बसतो. मग पिशवीतला जुन्या चपलेचा रबरी तळ काढून पाकिटाखाली ठेवण्याची परवानगी मागतो, कारण शिक्का कडक लाकडावर मारला की कडा उमटतात आणि मधली तारीख उडते, रबरावर मात्र सगळा गोल सारखा बसतो. पहिला ठोका रद्दी कागदावर मारून दाखवण्याची विनंती करतो, आणि त्या कागदावरची तारीख वाचून घेतो, कारण तारखेचे खिळे, म्हणजे शिक्क्यातले सुटे आकडे, हाताने बदलायचे असतात आणि कधी कालचाच आकडा राहून जातो. तो राहिलेला दिसला तर सांगावे. चुकीच्या तारखेचे पाकीट दुर्मीळ म्हणून मिरवता येईल असा विचार करून गप्प बसणारे लोक मला आवडत नाहीत. त्याहून वाईट म्हणजे "मागची तारीख घालून द्या ना" अशी गळ घालणारे. तो सरकारी शिक्का आहे, आणि तुमच्या वहीतल्या एका पानासाठी तिथल्या माणसाची नोकरी जाऊ शकते.

पाकीट हातात परत मागून घेऊ नये. ते थैलीतून जाऊ द्यावे, वाटेत मळू द्यावे आणि आपल्या पोस्टमनने आणून द्यावे. पोस्टातून न गेलेल्या पाकिटावर शिक्का कितीही स्वच्छ असला तरी त्याने प्रवास केलेला नसतो, आणि मी ज्याच्यासाठी हा उद्योग करतो तो प्रवासच आहे.

पाकिटावर पेनने काहीही लिहू नये. कोठून मिळाले, कधी मिळाले, हे वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून सोबत ठेवावे. डांबराच्या गोळ्या कागदाला लागून ठेवू नयेत आणि स्वस्त प्लास्टिकचे अल्बमही घेऊ नयेत, कारण त्यांत कागद घामेजतो आणि शाई प्लास्टिकला चिकटते. मी साधे कागदी लिफाफे वापरतो, ते पत्र्याच्या पेटीत उभे ठेवतो आणि पावसाळा संपला की दोन दिवस सावलीत पसरून हवा देतो. उन्हात मात्र नाही, जांभळी शाई उन्हाने फिकी पडते.