डोकं पोचायच्या आधी हात पोचतो: घरातल्या धोक्यांबद्दल, चटके खाऊन शिकलेलं

माझ्या उजव्या मनगटावर शर्टाच्या बटणाएवढा एक डाग आहे. कोणी विचारलं तर मी तेल उडालं म्हणून सांगायचो, पण खरं सांगायचं तर तेल उडालं नव्हतं, मीच उडवलं होतं. कढईतल्या तेलाने पेट घेतला आणि माझा हात सरळ पाण्याच्या तांब्याकडे गेला. पेटलेल्या तेलावर पाणी टाकायचं नसतं हे मला माहिती होतं बरं का, विचारलं असतंत तर चारचौघात लेक्चर दिलं असतं, पण त्या दोन सेकंदात माहिती कामाला येत नाही, हाताला जी सवय असते तेच होतं. तेव्हापासून मी एकच बघतो, गडबड झाली तर माझा हात आधी कुठे जाईल? आणि तिथे बरोबर वस्तू ठेवतो, किंवा चुकीची वस्तू तिथून हलवतो.

तर आधी तेल. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळे ते तळाशी जातं, आणि पेटलेलं तेल १०० डिग्रीच्या कितीतरी वर असतं, मग त्या पाण्याची क्षणात वाफ होते. वाफेला पाण्याच्या साधारण १७०० पट जागा लागते, ती जळतं तेल घेऊनच वर येते. माझ्याकडे तांब्या अर्धाच भरलेला होता म्हणून मनगटावर निभावलं. करायचं काय तर गॅस बंद, कढईवर झाकण बाजूने सरकवत टाकायचं (वरून आपटायचं नाही, चेहरा लांब), आणि मग हात लावायचा नाही. कढई उचलून बाहेर न्यायचा मोह होतो, नेऊ नका, आणि विझलं का बघायला लगेच झाकणही उघडू नका, तेल गरम असेपर्यंत हवा मिळाली की ते परत पेटू शकतं. झाकण तळण सुरू करायच्या आधी ओट्यावर काढून ठेवायचं, कपाटातलं झाकण असून नसल्यासारखं. आणि तेलातून धूर यायला लागला की तीच वॉर्निंग समजा, गॅस तेव्हाच बंद करा.

भाजल्यावर माझा दुसरा मूर्खपणा म्हणजे टूथपेस्ट. ती खरवडून काढताना जे दुखलं ते भाजण्यापेक्षा जास्त होतं. टूथपेस्ट नाही, बर्फ नाही, तूप-लोणी काही नाही, नळाखाली साधं गार पाणी २० मिनिटं. २० मिनिटं खूप वाटतात, घड्याळ लावा, आपण तीन मिनिटांत कंटाळतो. अंगठी-घड्याळ सूज यायच्या आधी काढा, फोड फोडू नका. तळहातापेक्षा मोठं भाजलं असेल किंवा चेहऱ्यावर, सांध्यावर असेल तर डॉक्टर.

बाथरूमचा किस्सा जास्त लाजिरवाणा आहे कारण तिथे घाईसुद्धा नव्हती. टॉयलेटमध्ये ॲसिडवालं क्लीनर टाकलं, डाग जाईना, म्हणून वरून ब्लीच ओतलं, म्हटलं दोन स्ट्राँग वस्तू मिळून डबल काम करतील. दोन्ही मिळून क्लोरीन वायू तयार झाला. दार बंद, एक्झॉस्ट बंद, आणि मी खाली वाकून घासतोय. डोळ्यांतून पाणी, घसा आवळला, बाहेर पडलो आणि दिवसभर खोकत बसलो. ब्लीचमध्ये अमोनिया मिसळला तरी असाच विषारी वायू तयार होतो आणि काच पुसायच्या काही लिक्विडमध्ये अमोनिया असतो. असं झालं तर सगळं टाकून मोकळ्या हवेत जायचं, फ्लश करायला परत आत शिरायचं नाही, आणि श्वासाला त्रास होत असेल तर डॉक्टरकडे, कारण काहींना त्रास काही तासांनी वाढतो. आता आमच्याकडे बाथरूममध्ये एका वेळी एकच बाटली असते, दुसरी बाहेरच्या कपाटात, म्हणजे ती आणायला उठावं लागतं आणि तेवढ्यात डोकं पोचतं. ही लिक्विडं कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवणाऱ्यांना तर मी स्पष्टच मूर्ख म्हणतो. पोराचा हात बाटली ओळखतो, आतलं ओळखत नाही. आणि ॲसिड किंवा रॉकेल पोटात गेलंच तर उलटी करवू नका, बाटली सोबत घ्या आणि हॉस्पिटल गाठा.

गॅसचा वास आला तर हात जातो एक्झॉस्ट फॅनच्या बटणाकडे, माझाही गेला होता, बायकोने मनगट धरलं (तेच, डागवालं). बटण चालू करताना ठिणगी पडते तशी बंद करतानाही पडते, म्हणून चालू असलेला दिवाही तसाच राहू द्यायचा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, खाली जमिनीलगत साठतो, त्याला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून मुद्दाम घातलेला असतो. त्यामुळे नुसती वरची खिडकी पुरत नाही, दारंही सताड उघडा. ज्योत पेटलेली असेल तर विझवा, रेग्युलेटर बंद, सगळ्यांना बाहेर काढा, फोन बाहेर गेल्यावर. पाइप चेक करायचा तर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर गळती. काडी ओढून बघणारे लोक अजूनही आहेत, काय बोलणार.

गॅस गीझरचं मात्र उलटं आहे, तिथे हात धावतच नाही. बंद बाथरूममध्ये जळणाला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला ना रंग ना वास, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटीहून जास्त घट्ट चिकटतो. मला एकदा आंघोळ करताना डोकं दुखलं, गरगरलं, वाटलं उपाशीपोटी असेल. चुकून कडी लावायची राहिली होती म्हणून बाहेर पडलो, पायात जोर नव्हता. इथे तयारी आधीच हवी, गीझर बाथरूमच्या बाहेर, धूर बाहेर नेणारा पाइप, आणि डिटेक्टर. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपणंही त्यातलंच.

विजेचं थोडक्यात. बोर्डातलं एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) वायर वाचवतं, माणसाला नाही, शॉकसाठी आरसीसीबी लागतं, म्हणजे साधारण ३० मिलिअँपिअर इतकी थोडी वीज बाहेर गळली तरी लाइन तोडणारा स्विच. त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. कोणी चिकटलेलं दिसलं तर हात ओढायला धावतो, आधी मेन बंद.

परवा सुट्टीला गॅस बंद ठेवून, रिकाम्या गार कढईवर झाकण सरकवायची मी पाच-सहा वेळा प्रॅक्टिस केली. बायको दारात उभी राहून बघत होती, हसेल असं वाटलं. ती म्हणाली, "डाव्या हाताने कर, उजव्यात झारा असतो तुझ्या."